खिळ्यावरचा बॅज

त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि ते तिथेच राहिलं. हॉस्पिटलात डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्याला श्वासराव म्हणायचे, कारण एक्स-रेच्या खोलीतून दिवसातून साठ-सत्तर वेळा त्याचा एकच आवाज बाहेर यायचा, "श्वास घ्या... धरा... हलू नका... सोडा." एकोणीस वर्षं हेच. घरी भांडण झालं की बायकोसुद्धा म्हणायची, "धरलाय हो श्वास, आता सोडू का?" मग तो हसायचा आणि भांडण तिथेच मोडायचं. तसा तो हसरा माणूस होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा फारसा उपयोग होणार नाही.

कागदावर तो मदतनीस होता. मदतनिसाचं काम म्हणजे रुग्णाची गाडी ढकलायची, नावं पुकारायची, पलंगावरची चादर बदलायची. पण तो लागला तेव्हा खरा तंत्रज्ञ निवृत्तीला आलेला, डोळ्यांनी अधू आणि जिभेने तिखट असा एक म्हातारा होता. त्याने दीड-दोन वर्षांत सगळी विद्या याच्या हाताला लावली आणि तो निघून गेला. त्याच्या जागी नवा माणूस घ्यायचा तर डिप्लोमावाला घ्यावा लागणार. काम तर चाललंय, मग कशाला? असं म्हणत म्हणत हॉस्पिटलने पुढची वर्षं ढकलली. श्वासरावचं कंत्राट अकरा महिन्यांचं. अकरा महिने भरले की चार दिवस घरी बसायचं, मग पुन्हा नवा कागद, पुन्हा मदतनीस.

आणि काम? माणूस दारातून पलंगापर्यंत येईतो याच्या नजरेने त्याचं माप घेतलेलं असायचं. किती जाड, किती हाडकुळा, दुखरी बाजू कुठली, श्वास धरवेल की नाही. माणूस आडवा होईपर्यंत आकडे लावून तयार. यंत्रही महा लबाड. डायलवर सत्तर दाखवायचं आणि आतून चौसष्टच द्यायचं. ही लबाडी त्या म्हाताऱ्याला माहीत होती आणि आता याला. दुरुस्तीचे अर्ज गेले, परत आले, वाळवीने खाल्ले. श्वासराव मनातल्या मनात हिशेब करून वरचे सहा भरून काढायचा आणि फोटो असे यायचे की बाहेरचे डॉक्टर विचारायचे, "तुमच्याकडे नवं मशीन आलं का?"

मग एके दिवशी नोटीस बोर्डावर परिपत्रक लागलं. डिप्लोमा नसलेल्या कोणालाही नव्या वर्षाच्या पहिल्या तारखेपासून यंत्राला हात लावता येणार नाही. जुन्या लोकांसाठी एक फट तेवढी ठेवली होती. भौतिकशास्त्राची एक ठरावीक परीक्षा पास व्हायची, यंत्रावर दहा वर्षं काम केल्याचा पुरावा द्यायचा, आणि वय पंचेचाळीसच्या आत असायला हवं. तिन्ही जमलं तर कायम तंत्रज्ञ. नाही जमलं तर कागदावर जे आहे तेच. परीक्षा वर्षातून एकदा. श्वासराव तेव्हा चव्वेचाळीस वर्षं आणि सात महिन्यांचा होता, आणि परीक्षेला एकेचाळीस दिवस उरले होते. म्हणजे दुसरा डाव नव्हताच.

"तुला काय अवघड आहे?" हेडक्लार्क म्हणाला. "एकोणीस वर्षं भौतिकशास्त्रच तर खातोयस."

खाणं वेगळं आणि शिजवायला शिकणं वेगळं, हे हेडक्लार्कला कोण सांगणार. श्वासराव दहावीला विज्ञानात काठावर निसटलेला. पुढे आर्ट्सला गेला, कारण तिथे फी कमी आणि तास दुपारचे होते. भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडून त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती.

पुस्तकासाठी तो साडूकडे गेला. साडू हे नातं मोठं चमत्कारिक. दोघांचं सासर एक, बाकी काहीच एक नाही. हा साडू क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचा. घरात पंखा कमी करायला सांगतानाही फळ्यासमोर उभा असल्यासारखा बोलायचा.

"भाऊ, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला, "पण पोरं या पेपरासाठी दोन-दोन वर्षं घासतात. शंभर प्रश्न, दोन तास, चुकलं की पाव मार्क कापतात. एकेचाळीस दिवसांत म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

"घडा पालथा आहे का ते ओतल्यावर कळेल," श्वासराव म्हणाला.

साडूने दोन जाडजूड पुस्तकं दिली, आधीच्या कुणीतरी पेन्सिलने उत्तरं लिहून ठेवलेली. त्यातली अर्धी उत्तरं चुकीची होती, हे याला तीन आठवड्यांनी कळलं. म्हणजे तोपर्यंत तेवढी प्रगती झाली होती असंही म्हणता येईल.

अभ्यासाला त्याने जागा शोधली ती डार्करूमची. फिल्म धुवायचे दिवस संपल्यापासून ती खोली बंदच होती. आत कोरडे पडलेले हौद, भिंतीवर रसायनाचे पिवळे डाग आणि लाल दिवा. त्याने लाल दिवा काढून पांढरा लावला. ओपीडी नऊला सुरू व्हायची, हा सातला येऊन बसायचा. वही घ्यायची गरज नव्हती. जुन्या फिल्मची पिवळी पाकिटं ढिगाने पडली होती, त्यांच्या पाठीवर तो सूत्रं लिहायचा. एका पाकिटावर पुढच्या बाजूला 'डावा गुडघा', मागे गुरुत्वाकर्षण.

पहिले दहा दिवस नुसता वैताग. पुस्तकातलं जग त्याला परकं होतं. तिथे जमिनीला घर्षण नाही, दोरीला वजन नाही, कप्पी आवाज करत नाही. "अशी गाडी एखादी तरी आमच्या वॉर्डात द्या म्हणावं," तो बायकोला म्हणाला, "घर्षण नसलेली. जिना सोडून सगळीकडे नुसतं बोट लावून नेईन."

बायको पडदे शिवायची. दुकानांची ऑर्डर असायची, मशीन सकाळपासून चालू. संध्याकाळी तो जेवायच्या आधी समोर बसायचा आणि ती शिवता शिवता पुस्तकातून प्रश्न वाचायची. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्याचं उत्तर चुकलं की बरोबर ओळखायची.

"चुकलं," ती मान वर न करता म्हणायची.

"तुला काय माहीत? पान तरी उलटून बघ."

"खोटं बोलताना तुमचा आवाज जसा होतो तसा झाला."

पंचविसाव्या दिवशी साडूने एक सराव पेपर आणला आणि स्वतः घड्याळ लावून बसला. त्यात एक प्रश्न होता. ट्यूबला सत्तर हजार व्होल्ट दिले तर आतल्या इलेक्ट्रॉनला जास्तीत जास्त ऊर्जा किती मिळेल? पेपरातला सगळ्यात सोपा प्रश्न. सत्तर दिले, सत्तर मिळाले. श्वासराव बराच वेळ त्या चार पर्यायांकडे बघत राहिला, कारण त्यात चौसष्ट नव्हतं. शेवटी जवळचं म्हणून त्याने पासष्टवर खूण केली.

साडू इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. "अहो भाऊ! पासष्ट कुठून आणलं?"

"डायल सत्तर दाखवतो, पण येतात चौसष्टच. खरं यंत्र असंच असतं."

"पेपरातलं यंत्र खोटं बोलत नाही," साडू डोळे पुसत म्हणाला. "नीट लक्षात ठेवा. तुमच्या खोलीत काय होतं त्याला काही किंमत नाही. कागदावर जे लिहिलंय तेच खरं."

श्वासरावला राग आला, पण सल्ला त्याने गाठीला बांधला. त्या दिवसापासून पुस्तकात शिरताना तो आपली खोली बाहेर ठेवून जायला लागला, आणि खरंच मार्क वाढले. वीज जमली, प्रकाश जमला, आरसे आणि भिंगं तर हातचा मळ झाली.

मग तिसाव्या दिवशी सकाळी एक गोष्ट घडली. पुस्तकात एक नियम आला. किरणांचा जोर अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. हे वाक्य त्याने तीनदा वाचलं, काही कळलं नाही. खाली उदाहरण होतं. अंतर दुप्पट, तर जोर चौथाई. तो ताडकन उठून उभाच राहिला. तीन फुटांवरून काढायचा फोटो सहा फुटांवरून काढायचा झाला तर आकडा दुप्पट नाही, चौपट करायचा, हे म्हाताऱ्याने त्याच्या हाताला लावलेलं वळण होतं. का, असं विचारलं तेव्हा म्हातारा म्हणाला होता, "का विचारू नकोस, लाव." एकोणीस वर्षं तो लावत होता, आणि आज का ते कळलं. डार्करूममध्ये एकटाच तो मोठ्याने म्हणाला, "अस्सं होय रे म्हाताऱ्या!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदच होता तो, दुसरं काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातांना जे माहीत होतं ते डोक्याला कळलं होतं.

त्या आनंदाच्या भरात तो दिसेल त्या अंतराचा हिशेब करत सुटला. आणि असं करता करता त्याची गाडी खिळ्यावर आली.

हा खिळा कॉरिडॉरमध्ये, फ्युजच्या पेटीशेजारी होता. त्यावर श्वासरावचा बॅज लटकलेला असायचा. बॅज म्हणजे काडेपेटीएवढी प्लॅस्टिकची डबी. किरणांच्या खोलीत काम करणाऱ्याने ती छातीवर लावायची. दर तीन महिन्यांनी ती दूरच्या प्रयोगशाळेत जाते आणि त्या माणसाच्या अंगाला किती किरणं लागली त्याचा आकडा येतो. हॉस्पिटलला हे बॅज मिळायला लागले तेव्हा श्वासरावच्या नोकरीचं तिसरं वर्ष चालू होतं. मोठ्या हौसेने त्याने तो पहिले तीन महिने लावला. त्या तीन महिन्यांत फिरतं यंत्र घेऊन वॉर्डावॉर्डात जावं लागलं होतं, रडणारी पोरं धरून ठेवावी लागली होती. आकडा मर्यादेच्या वर आला. चौकशीचं पत्र आलं. साहेब लोकांची धावपळ झाली, ज्या शिशाच्या पडद्याआड उभं राहून बटण दाबायचं त्याची तडकलेली काच रंग लावून झाकली गेली, आणि श्वासरावचं कंत्राट संपल्यावर चार दिवसांऐवजी दोन महिने त्याला कुणी बोलावलं नाही. बायकोने तेव्हा रात्रंदिवस पडदे शिवले. परत घेतलं तेव्हा हेडक्लार्कने त्याला कॉरिडॉरमध्ये आणून तो खिळा दाखवला होता.

"बॅज इथे लावायचा. बॅज सुखरूप, तू सुखरूप, हॉस्पिटल सुखरूप."

श्वासरावने लावला. कुणी हात धरून लावायला लावला असं नाही, त्याने आपल्या हाताने लावला. आपण छत्री जशी दाराशी अडकवतो तसा सोळा वर्षं तो सकाळी आल्यावर बॅज आहे ना एवढं बघायचा आणि आत जायचा.

आता त्याने पाकिटावर मांडलं. यंत्रापासून पडदा दोन मीटर. यंत्रापासून खिळा बारा मीटर. सहापट लांब, म्हणजे छत्तिसावा हिस्सा. वर मधली जाड भिंत. उत्तर शून्य. त्याला हसूच आलं. संध्याकाळी त्याने ते पाकीट बायकोला दाखवलं.

"बघ, खिळ्याला किती किरणं लागली ते काढलं मी. शून्य! आणि प्रयोगशाळेतूनही दर वेळी शून्यच येतं. पुस्तक खरं निघालं की नाही?"

बायकोने मशीन थांबवलं. "खिळ्याला शून्य लागली," ती म्हणाली, "मग तुम्हाला किती लागली?"

"ते कळायला बॅज अंगावर लागतो."

तो हे सहज बोलून गेला, धड्यातलं उत्तर असल्यासारखं. बायकोने मशीन पुन्हा सुरू केलं. नंतर तिने पुढचा प्रश्न वाचला.

परीक्षेचं केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका कॉलेजात होतं. रांगेत त्याच्या पुढे-मागे मिसरूड न फुटलेली पोरं. एकाने विचारलं, "काका, मुलाला सोडायला आलात का?" श्वासराव म्हणाला, "नाही, मुलालाच घरी सोडून आलोय." त्याला मूलबाळ नव्हतं. पण पोरं हसली आणि त्यालाही जरा बरं वाटलं.

संगणकावर पेपर. पहिले वीस प्रश्न बलाचे आणि गतीचे, त्यात त्याची दमछाक झाली. बारा त्याने सोडूनच दिले. विजेत सावरला. आणि त्रेसष्टावा प्रश्न समोर आला तेव्हा त्याला वाटलं, पेपर काढणारा आपल्या कॉरिडॉरमध्ये येऊन गेला की काय. स्रोतापासून दोन मीटरवर किरणांची तीव्रता बहात्तर एकक आहे, तर बारा मीटरवर किती? त्याने कच्च्या कागदाला हातही लावला नाही. दोन. त्याच्या पुढचाच प्रश्न होता, वैयक्तिक बॅज कशासाठी असतो. यंत्राचा जोर मोजण्यासाठी, खोलीतली किरणं मोजण्यासाठी, तो लावणाऱ्याला लागलेली किरणं मोजण्यासाठी, की यांपैकी काहीही नाही. त्याने तिसऱ्यावर खूण केली आणि पुढे गेला.

पास व्हायला पन्नास मार्क हवे होते. त्याला अठ्ठावन्न पडले.

साडू स्वतः घरी आला. दारातच त्याने हात जोडले आणि म्हणाला, "भाऊ, घडा सरळ होता." एवढं मोठं मन साडूने त्याआधी कधी दाखवलं नव्हतं आणि नंतरही दाखवलं नाही. बायकोने निकालाचा कागद छापून आणला आणि शिवणयंत्राच्या वर, टेप आणि कात्री अडकवायच्या जागी लावला. त्या आठवड्यात श्वासराव यंत्रासमोर उभा राहायचा तो जरा वेगळाच. आता हे माझं कायमचं, असं त्याला वाटायचं. डायलवरची धूळ त्याने टूथब्रशने काढली.

राहिला होता पुरावा. दहा वर्षं यंत्रावर काम केल्याचा. आणि इथे घोडं अडलं. कंत्राटांवर मदतनीस. रजिस्टरवर सह्या डॉक्टरांच्या. फोटोंवर नंबर रुग्णांचा. जी लाखो हाडं त्याने आयुष्यभर टिपली त्यांतल्या एकावरही त्याची खूण नव्हती.

"बॅजचा रेकॉर्ड आहे की," हेडक्लार्क म्हणाला. "बॅज तुझ्या नावाचा, दर तीन महिन्यांचा कागद तुझ्या नावाचा. बॅज कुणाला देतात? यंत्रावर काम करणाऱ्याला. याहून मोठा पुरावा कुठला?"

त्याला खिळा आठवला नाही, की आठवूनच तो बोलला, हे त्याचं त्यालाच माहीत. श्वासरावला मात्र तो आठवला होता. पण त्याने स्वतःची समजूत घातली. शून्य म्हणजे वाईट थोडंच? शून्य म्हणजे माणसाने सांभाळून काम केलं. उलट कौतुकच होईल. त्याने स्वतः अर्ज करून सगळा रेकॉर्ड मागवला, पानं क्रमाने लावली, पुठ्ठ्याची फाईल विकत आणली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

पडताळणीचा साहेब तरुण होता आणि स्वभावाने वाईट नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण वाईट असता तर त्याला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. त्याने श्वासरावला बसायला सांगितलं, पाणी दिलं, परीक्षेचे मार्क बघून "छान" म्हटलं. हॉस्पिटलतर्फे हेडक्लार्क शेजारच्या खुर्चीवर होता. मग साहेबाने फाईल उघडली आणि पट्टी घेऊन ओळीओळीने खाली येऊ लागला. पहिल्या ओळीवर थांबला. नंतर पट्टी सरसर खाली घसरली. पान उलटलं, पुन्हा घसरली.

"पहिल्या तीन महिन्यांत आकडा आहे," तो म्हणाला. "त्याच्याखाली चौसष्ट ओळी शून्य."

"हो साहेब. सांभाळून काम केलं."

"सांभाळून काम करणारे मी कालपासून वीस बघितले. कुणाला दोन, कुणाला चार, कधी शून्य, कधी सात. थोडं थोडं येतंच. तुम्ही अर्जात लिहिलंय, वॉर्डात फिरतं यंत्र नेता, लहान मुलं धरता. आणि सोळा वर्षं एकदाही काही नाही?" त्याने पट्टी खाली ठेवली. "या कागदांवरून तुमचा यंत्रावरचा अनुभव तीन महिने दिसतो."

 श्वासरावने हेडक्लार्ककडे बघितलं. हेडक्लार्क पंख्याकडे बघत होता.

"साहेब, बॅज खिळ्यावर होता."

"म्हणजे?"

"कॉरिडॉरमध्ये खिळा आहे. तिथे लावायचो. मी आत, बॅज बाहेर."

"कुणी सांगितलं तसं करायला?"

पंखा फिरत होता. हेडक्लार्क शांतपणे म्हणाला, "असा कुठलाही लेखी आदेश आमच्याकडे नाही, साहेब." आणि ते अगदी खरं होतं. खिळ्याचा आदेश कोण लेखी काढतो?

साहेबाने परीक्षेचा निकाल पुन्हा उचलून बघितला. मग म्हणाला, "बॅज अंगावर लावायचा असतो हे तुम्हाला माहीत आहे. पास झालात, म्हणजे तो धडा वाचलाय."

"आत्ता वाचला, साहेब. दोन महिन्यांपूर्वी."

"हे बघा, मला दोनपैकी एक लिहावं लागेल. एक तर तुम्ही यंत्रावर नव्हता. मग अनुभव नाही, अर्ज नामंजूर, तुम्ही मदतनीस आहात तसे राहाल. किंवा तुम्ही यंत्रावर होता आणि सोळा वर्षं बॅज लावला नाही. हा नियमभंग आहे. मग चौकशी होईल, आणि तुमचं कंत्राट पुढे चालू राहणार नाही. पुढे कुठेच यंत्राजवळ तुम्हाला कुणी ठेवणार नाही." त्याने पेनचं टोपण काढलं. आवाजात खरोखर वाईट वाटल्याचा सूर होता. "कुठलं लिहू?"

शंभर प्रश्नांना चार-चार पर्याय होते. इथे दोनच.

श्वासरावच्या डोळ्यांसमोर ते दोन महिने उभे राहिले, शिवणयंत्राचा आवाज, बायकोच्या बोटांना पडलेल्या सुयांच्या खुणा. साडूचं वाक्यही आठवलं, तुमच्या खोलीत काय होतं त्याला काही किंमत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. ओरडावं तर ओरडण्याचाच गुन्हा.

"पहिलं लिहा," तो म्हणाला.

"तोंडाने सांगा. मला तुमचं म्हणणं म्हणून नोंदवायचंय."

"मी यंत्रावर नव्हतो."

साहेबाने लिहिलं, फाईल उलटी करून पुढे सरकवली आणि सहीची जागा दाखवली. एकोणीस वर्षांत यंत्रावरच्या कामाच्या नोंदीवर श्वासरावची ही पहिलीच सही होती. परत जाताना जिन्यावर हेडक्लार्कने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शहाणपणा केलास. नोकरी तरी राहिली." श्वासरावने तो हात काढला नाही. काढायला हवा होता असं त्याला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

घरी बायकोने चेहरा बघितला आणि पाय मशीनवरून खाली घेतला.

"किती वर्षं धरली त्यांनी?"

"तीन महिने."

तिने निकालाचा कागद भिंतीवरून काढला नाही. पण त्याच्या वर एक अर्धवट शिवलेला पडदा अडकवला, आणि तो पुढे तिथेच राहिला.

पहिल्या तारखेला नवी तंत्रज्ञ आली. तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी, डिप्लोमा ताजा, नम्र. श्वासराव आता दाराबाहेर. नावं पुकारायची, गाडी ढकलायची, चादर बदलायची. इतकी वर्षं जे कागदावर होतं ते अखेर खरं झालं. पहिल्याच तासात तिचे तीन फोटो पांढरेफटक आले. ती बाहेर येऊन हळूच म्हणाली, "काका, छातीला इथे किती ठेवतात? सत्तर ठेवते तरी येत नाही."

त्याला वाटलं, सांगू नये. खरंच वाटलं. मग आत पलंगावर बसलेली दम लागलेली म्हातारी त्याला दिसली. तिला चौथ्यांदा झोपवावं लागणार होतं.

"डायलवर विश्वास ठेवू नका," तो म्हणाला. "सत्तर म्हणतो, आहे चौसष्ट. वरचे सहा तुम्ही भरा."

दुपारी टपालातून तिच्या नावाचा बॅज आला. हेडक्लार्कने तिला कॉरिडॉरमध्ये नेलेलं श्वासरावने गाडीमागून बघितलं. तो गेल्यावर श्वासराव खिळ्याजवळ गेला, बॅज काढला आणि आत जाऊन तिच्यासमोर धरला.

"हा अंगावर लावा. छातीवर, इथे."

"पण ते क्लार्क म्हणाले, तिकडे लावायचा असतो."

"तिकडे शून्य येतं."

"मग चांगलंच ना, काका?"

त्याने तिला सगळं सांगितलं. दोन मीटर, बारा मीटर, छत्तिसावा हिस्सा. चौसष्ट ओळी, साहेबाची पट्टी, तीन महिने. ती मान खाली घालून ऐकत होती. सगळं तिला समजत होतं. त्याच्यापेक्षा ते जास्त नीट शिकून आली होती ती.

"काका," ती म्हणाली, "माझं कंत्राट अकरा महिन्यांचं आहे."

तरी तिने बॅज घेतला आणि त्याच्यासमोर अ‍ॅप्रनवर लावला. मागे पेशंट थांबले होते. तो बाहेर आला आणि पुढचं नाव पुकारलं. आतून तिचा कोवळा आवाज येत होता, "श्वास घ्या... धरा..." बाहेर गाडीच्या दांड्यावर हात ठेवून उभा असलेला श्वासराव सवयीने स्वतःचा श्वास धरत होता.

संध्याकाळी ओपीडी संपली. ती पर्स घेऊन, "येते हं काका," म्हणून गेली. त्याने दिवे बंद केले, पलंगावरची चादर काढून धुवायच्या टोपलीत टाकली, दाराला कुलूप लावलं आणि फ्युजच्या पेटीशेजारून निघाला. बॅज खिळ्यावर होता.